गागोद्यातलं चंदन, रोह्यातले तळहात

पेणच्या गणपती कारखान्यांत आणि शेजारच्या हमरापूर-जोहे गावांत वर्षभर एक दृश्य दिसतं. साच्यातून नुकत्याच निघालेल्या मूर्ती फळ्यांवर ओळीनं वाळत असतात. डोळे नाहीत, रंग नाही, दागिने नाहीत. आहे ते फक्त अंग. पुढे आलेलं पोट, आखूड पाय, खांद्याच्या मानानं मोठं डोकं. कारागीर ओल्या हातानं सांधे पुसतो, पोटाची गोलाई सारखी करतो आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी करतो. या अंगात कुणाला काही उणं दिसत नाही. पोट थोडं आत हवं होतं, असं म्हणणारं गिऱ्हाईक पेणच्या बाजारात आजवर आलेलं नसेल.

याच पेण तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या गागोदे गावात, गणपतीची एक मूर्ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घरीच घडत असे. शंभूराव भावे नावाचे आजोबा ती घडवत आणि नातवंडं त्यांना चंदन उगाळून देत. सहाणेवर खोड फिरवून मुलांचे हात दुखून येत, पण मूर्ती आकाराला आली की घरभर आनंद. मग पूजा, आरती, नैवेद्य. आणि ठरल्या दिवशी आपल्याच हातांनी उगाळलेला तो देव पाण्यात सोडायचा. मुलं हिरमुसत. त्या मुलांतला विनायक, घरच्यांचा विन्या, पुढे विनोबा भावे झाला आणि आजोबांच्या या गणपतीची आठवण म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. मूर्ती कष्टानं घडवायची, ती आहे तोवर तिची मनापासून पूजा करायची आणि वेळ आली की सोडून द्यायची, हे तो तिथे शिकला. देहाचंही असंच असतं हे समजायला मात्र त्याला पुढची चाळीस वर्षं लागली.

विनोबांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यात, त्यामुळे नऊ-दहा वर्षांचा होईपर्यंत विन्या आजोबांच्या आणि आई रुक्मिणीबाईंच्या हाताखाली गागोद्यातच वाढला. आजोबा व्रतस्थ होते. ते चांद्रायण करत, म्हणजे प्रतिपदेला एक घास, द्वितीयेला दोन, असं चंद्राबरोबर वाढत पौर्णिमेला पंधरा घास आणि मग तसंच उतरत अमावस्येला काहीच नाही. घास मोजून खाणारा माणूस मुलानं रोज डोळ्यांसमोर पाहिला. त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या आहाराच्या प्रयोगांचं मूळ इथेच असावं.

त्या घरात आणखी एक माणूस होता. मुलं त्याला आंधळे काका म्हणत. त्यांना दिसत नसे, पण घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्यासारखंच त्यांचं सगळं होई. जेवणाची वेळ त्यांना विचारून ठरे, मुलं त्यांचा हात धरत. भावे कुटुंब बडोद्याला गेल्यावर काही दिवसांनी काका वारल्याचं कळलं. तेव्हा घरात कुणी सुतक पाळलं नाही. मुलांना नवल वाटलं आणि त्यांनी आईला विचारलं, तर कळलं की काका आपले नातेवाईक नव्हतेच. गरजू होते, म्हणून घरात राहत होते. इतकी वर्षं मुलांना याचा पत्ताही लागला नव्हता.

ही गोष्ट विनोबांनी आईच्या थोरवीची म्हणून सांगितली, आणि ती तशी आहेच. पण तिच्यात आणखीही काही आहे. ज्या घरात न दिसणाऱ्या डोळ्यांचा माणूस कधी ओझं वाटला नाही, त्या घरातल्या मुलानं पुढे स्वतःच्या डोळ्यांना मात्र फार कठोर वागणूक दिली.

दहाव्या वर्षी ब्रह्मचर्याचा निश्चय झाला होता. मग मनुस्मृतीत वाचलं की ब्रह्मचाऱ्यानं पायांत जोडे घालू नयेत, छत्री वापरू नये, गादीवर झोपू नये. मुलानं तिन्ही गोष्टी सोडल्या. गादी आणि छत्रीवाचून काही अडलं नाही. पण बडोद्याच्या उन्हाळ्यात भर दुपारी तासन् तास अनवाणी हिंडायचं, म्हणजे तळपायांखाली तापलेला रस्ता आणि डोळ्यांवर तिरीप. नजर आधीच अधू होती, ती आणखी बिघडली. पुढे विनोबांनी हे स्वतःच मोकळेपणानं सांगितलं. मनूच्या काळचे विद्यार्थी आश्रमात राहत, त्यांना कदाचित जोड्यांची गरज पडत नसेल. आपण मात्र अक्षराला धरून राहिलो आणि त्याची किंमत डोळ्यांनी दिली. तपस्वी म्हणून देशभर पूजला गेलेला माणूस स्वतःच्या तपाची चूक इतक्या सरळपणे कबूल करतो, याचं मोल मोठं आहे.

मराठीत एक शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यातला आहे: दुखणं अंगावर काढणं. ताप, कंबरदुखी, बाळंतपणानंतरचा अशक्तपणा, सगळं अंगावर काढायचं. पेणच्या खाडीकाठच्या आगरांत, रोह्याच्या भातखाचरांत, विटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकऱ्यांच्या पालांत या शब्दाला आणखी धार येते. आगरी हे नावच आगरावरून पडलेलं. खाडीचं पाणी बांधात घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि मीठ ओढायचं. दिवसचे दिवस पाय खाऱ्या पाण्यात राहिले की कातडी फाटते आणि त्या भेगांत पुन्हा मीठच जातं. कातकरी तर भारत सरकारनं विशेष असुरक्षित मानलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. पूर्वी खैराचा कात पाडणारे, जंगल हातचं गेल्यावर कोळसा आणि विटांकडे वळलेले. या माणसांच्या अंगाची किंमत पिढ्यान् पिढ्या मजुरीत मोजली गेली. अंग दुखलं तर मजुरी बुडते, म्हणून ते अंगावर काढायचं. विनोबा ब्राह्मण इनामदाराच्या घरातले. त्यांनी देहाला कष्ट दिले ते निवडून. आगरावरच्या बाईला निवड नव्हती. हा फरक झाकून या प्रदेशातल्या देहविचाराचा इतिहास सांगता येणार नाही.

७ जून १९१६ ला विनोबा अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात गांधीजींना भेटले. गांधीजी भाजी चिरत होते. त्यांनी पाहुण्याच्या हातातही सुरी दिली आणि बोलता बोलता त्याच्याकडे निरखून पाहत, तुम्ही आजारी दिसता, असं सांगितलं. वर हेही की आत्मज्ञानाच्या वाटेवरच्या माणसानं आजारी पडणं बरं नव्हे. वीस वर्षांच्या, शास्त्रांत बुडालेल्या तरुणाला हे ऐकून धक्का बसला असणार. अशक्त शरीर ही वैराग्याची खूण नव्हे, असं त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

वर्षभरात तो आश्रमातून रजा घेऊन वाईला गेला. नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदं आणि ब्रह्मसूत्रं शिकायची होती आणि प्रकृतीही सुधारायची होती. १९१८ च्या आरंभी त्यानं गांधीजींना लांबलचक पत्र लिहून वर्षाचा हिशेब दिला. त्यात अभ्यासाबरोबर शरीराचाही चोख जमाखर्च आहे. आधी रोज दहा-बारा मैल चालणं, मग जात्यावर सहा ते आठ शेर दळण, मग ३०० सूर्यनमस्कार. खाण्यात मसाला नाही आणि काही महिन्यांनंतर मीठही नाही. दुधाशिवाय राहता येतं का, हे करून पाहिलं. फार दिवस जमत नाही असं दिसलं. केळी, लिंबू आणि दूध एवढ्यावर महिना काढला. ताकद घटली, म्हणून तो प्रयोग सोडून भाकरी पुन्हा सुरू केली. मिठागरांच्या तालुक्यात जन्मलेल्या माणसानं मीठ सोडावं, हे वाचून पेणकर क्षणभर थबकेल. पण त्या पत्रात मिठापेक्षा महत्त्वाचं आहे ते प्रयोग फसला की मागे फिरणं. उन्हात अनवाणी चालणाऱ्या मुलाला हे जमलं नव्हतं.

तरी हा धडा पक्का झाला नाही. वर्ध्याला आश्रम उभा राहिला आणि सूतकताईनं आयुष्य व्यापलं. तीसच्या दशकात विनोबांनी ठरवलं की चरख्यावर मजूर जे कमावतो त्यातच आपण जगायचं. दिवसाचे आठ-आठ तास ते कातत आणि त्या मजुरीत बसेल तेवढंच खात. सूत कातणाऱ्या बाईला पोटभर मिळत नाही तर आपण का खावं, ही त्यामागची तळमळ. ती खरी होती आणि तिच्यामुळे मजुरीचा प्रश्न चव्हाट्यावर आलाही. पण शरीर खंगत गेलं. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर आलं. ८८ पौंड म्हणजे चाळीस किलो. माणूस बेचाळीस वर्षांचा.

गांधीजींच्या कानावर गेलं आणि त्यांनी बोलावून घेतलं. डॉक्टर, थंड हवेची ठिकाणं, सगळ्याची चर्चा झाली. विनोबांनी पाच मैलांवरचं पवनार निवडलं. धाम नदीपलीकडच्या टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. गांधीजींनी एकच अट घातली: आश्रमाची, कामाची, जगाची चिंता डोक्यातून काढून टाकायची. ७ मार्च १९३८ ला मोटार धाम नदीच्या पुलावर आली तेव्हा विनोबांनी, मी सारं सोडलं, असं संस्कृतात तीनदा म्हटलं. संन्यास घेताना म्हणतात ते हे शब्द. त्या दिवशी ते शरीर सुधारण्यासाठी उच्चारले गेले. या माणसाच्या आयुष्यात याहून मोठं वळण शोधूनही सापडायचं नाही.

पवनारला त्यांनी काय केलं? कुदळ घेतली. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं खणलं. मग रोज थोडं थोडं वाढवत ते दोन तासांवर नेलं, तेही मध्ये मध्ये थांबून. थोडं खणायचं, काही क्षण टेकायचं, पुन्हा खणायचं. दूध वाढवलं. बाकी वेळ चालणं आणि मोकळं मन. दहा महिन्यांत वजन १२८ पौंड झालं. वाढ चाळीस पौंडांची, आणि ती औषधाविना. त्या खणण्यातच एक जुनं शिल्प जमिनीतून वर आलं. राम-भरत भेटीचं ते शिल्प पुढे पवनार आश्रमात पूजेला बसलं.

कुदळीच्या या खणण्यातला क्षणभराचा थांबा लक्षात ठेवण्यासारखा आहे. आजोबांचं चांद्रायण घास वाढवत जाई आणि पुन्हा कमी करी. विनोबांची तोवरची सगळी व्रतं कमी करत जाण्याची होती. पवनारला ते पहिल्यांदा वाढवायला शिकले, आणि घाई न करता.

आंधळे काकांची आठवण याच वर्षांत वेगळ्या रूपानं पुढे आली. विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं. ज्या अंगाला घरचेसुद्धा हात लावत नसत, त्या अंगाची मलमपट्टी करायला आणि त्या हातांना शेतीचं, कताईचं काम द्यायला एक माणूस कायमचा जाऊन बसला. महाराष्ट्रात असं काम मिशनऱ्यांच्या बाहेर तोवर जवळजवळ नव्हतंच. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींची जखम स्वतः धूत, मालीश करत. पुढे अमरावतीचं तपोवन आलं, वरोऱ्याचं आनंदवन आलं आणि रायगडातही पनवेलजवळ नेऱ्याला शांतिवन उभं राहिलं. झडलेल्या बोटांच्या माणसाला स्वतःच्या हाताची लाज वाटू नये यासाठी दत्तपुरात त्या हातात सुताची चाती आली.

इथे एक बाजू सांगायलाच हवी. विनोबांच्या देहविचारात भूक आहे, श्रम आहे, आजार आहे. वासना आहे ती फक्त जिंकण्यापुरती. त्याच वर्षांत मुंबईत कोकणातलाच एक माणूस नेमकं उलट सांगत होता. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं. शरीरात लाज वाटण्याजोगं काही नाही, कामसुख बाईचंही आहे, मुलं किती व्हावीत हे तिनं ठरवावं, असं ते महिन्यामागून महिना लिहीत राहिले. खटले झाले, दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. कर्व्यांचे अंक वाचणारे थोडे, विनोबांना नमस्कार करणारे लाखो. घरातल्या बाईच्या अंगाला मात्र कर्व्यांची गरज जास्त होती. रुक्मिणीबाई शेजारच्या माणसासाठी त्याची बायको गावी गेली की स्वयंपाक करून देत, आणि तोही घरचा झाल्यावर, त्याला गरम मिळावं म्हणून. विनोबांनी ही आठवण फार प्रेमानं सांगितली. रुक्मिणीबाई स्वतः कधी गरम जेवल्या, हे त्या घरात कुणी विचारल्याचं कुठे येत नाही. १९१८ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

भूदानाच्या यात्रेत विनोबांचं शरीर पुन्हा कसोटीला लागलं. १९५१ च्या एप्रिलपासून तेरा-चौदा वर्षं रोजची दहा-बारा मैलांची चाल आणि पोटात अल्सर. त्यांनी आहार दूध, दही, मध असा बांधून घेतला. दिवसात अनेकदा, थोडा थोडा, मोजून. घास मोजणारे आजोबा इथे पुन्हा दिसतात, पण आता ते मोजमाप पोट सांभाळायला होतं. १९५२ च्या डिसेंबरात चांडिलला मलेरियानं गाठलं. ताप चढत गेला, तरी औषधाला नकार. देशभरातून निरोप आले, मोठमोठ्यांनी विनवलं आणि अखेर त्यांनी औषध घेतलं. हट्ट सोडून औषध घेणारे विनोबा आपल्याकडच्या चरित्रांत एखाद-दोन ओळींत उरकले जातात. आजार अंगावर काढणाऱ्या घरांत हाच प्रसंग मुलांना आधी सांगायला हवा.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. १९८२ च्या नोव्हेंबरात हृदयविकाराचा झटका आला. सत्त्याऐंशी वर्षांच्या विनोबांनी अन्न, पाणी, औषध थांबवलं आणि १५ तारखेला, दिवाळीच्या दिवशी, पवनारला देह ठेवला. चंदनाच्या गणपतीचं विसर्जन आठवून कुणी याला सुंदर म्हणेल. पण हा निर्णय आयुष्यभर प्रयोग करून पाहिलेल्या एका वृद्धाचा होता. तो दुसऱ्या कुणाला घालून द्यायचा धडा नव्हे.

पेणहून गाडी नागोठण्यावरून रोह्याला येते. कोकण रेल्वे जिथून सुरू होते ते हे गाव, कुंडलिकेच्या काठचं, धावीर महाराजांचं. इथे १९ ऑक्टोबर १९२० ला पांडुरंगशास्त्री आठवले जन्मले. इथेही नातवाला घडवलं ते आजोबांनीच. लक्ष्मणशास्त्रींनी त्याच्या शिक्षणासाठी जुन्या तपोवनाच्या धर्तीवर रोह्यातच पाठशाळा उभी केली. वडील वैजनाथशास्त्रींनी १९२६ मध्ये मुंबईत गीता पाठशाळा सुरू केली होती. १९४२ पासून त्या व्यासपीठावर पांडुरंगशास्त्री बोलू लागले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे गीता सांगितली, आठवल्यांनी मुंबईच्या माधवबागेत. ग्रंथ एक, पण देहाकडे पाहण्याची वाट वेगळी.

आठवल्यांनी देहाला दंड करायला सांगितलंच नाही. त्यांनी उभ्या केलेल्या स्वाध्याय परिवारात रुजवलेली त्रिकाळ संध्या तीन क्षणांची आहे: जाग येते तेव्हा, जेवायला बसताना आणि झोपण्याआधी. त्यांची मांडणी साधी होती. झोपेतून उठल्यावर आपण कोण हे आठवतं, ही स्मृती कुणी दिली? खाल्लेल्याचं रक्त होतं, ते कोण करतं? दिवसभर शिणलेल्या अंगाला रात्री शांती कुठून येते? आत कुणीतरी बसून हे सारं चालवतो. मग ज्या अंगात तो राहतो, ते हलकं कसं? आणि शेजाऱ्याचं अंग विटाळ कसं? दिवसातून तीनदा, मिनिटभर, स्वतःच्या श्वासापोटाची दखल घ्यायची, एवढंच.

याचा खरा अर्थ आगरी पाड्यांत आणि कोळीवाड्यांत कळला. शास्त्र ऐकायचा अधिकार नाही असं ज्यांना पिढ्यान् पिढ्या सांगितलं गेलं, त्यांच्या घरी स्वाध्यायी भावफेरीला येऊ लागले. घरी बसून बोलले, देणगी न मागता गेले. कोळ्यांना आठवल्यांनी सागरपुत्र म्हटलं. मत्स्यगंधा नावाच्या सामाईक होड्या आल्या. त्यांवर पाळीपाळीनं एकेक दिवस श्रमाला जायचं आणि मिळालेली मासळी कुणा एकाची न मानता गरजूंकडे पोचवायची. अनेक घरांत दारूचा धाक उतरला. अंगात देव राहतो म्हटल्यावर त्यात काय ओतायचं, याचा विचार सुरू झाला. १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पलटन पुरस्कार मिळाले. त्यांचा जन्मदिवस परिवार मनुष्य गौरव दिन म्हणून पाळतो.

भाषण आणि पुरस्कारांपेक्षा रायगडच्या घरांत टिकून राहिली ती पहाटेची सवय. उजाडण्याआधी, कंदील किंवा बल्बच्या उजेडात, माणूस अंथरुणात उठून बसतो. देवाच्या तसबिरीकडे पाहण्याआधी तो दोन्ही तळहात समोर धरून त्यांच्याकडे पाहतो. जाळ्याच्या दोरीनं पडलेले घट्टे, मिठानं फाटलेल्या चिरा, विळ्याचा जुना वण. ओठांतल्या ओठांत श्लोक होतो. मग हात जमिनीला लागतात, पाय टेकवतो म्हणून तिची क्षमा मागायला. भरतीची वेळ होत आलेली असते, आणि तेच हात खुंटीवरचं जाळं काढायला जातात.